शालेय बास्केटबॉलचे थेट प्रक्षेपण अधिक चांगले कसे करावे

अमेरिकेतील हायस्कूलचे मैदान साधारणपणे ८४ फूट लांब असते; म्हणून विद्यार्थ्यांनी मुख्य कॅमेरा मध्यरेषेसमोर, प्रेक्षकांच्या डोक्यांपेक्षा उंचावर, ट्रायपॉडवर बसवावा. चेंडू जिकडे जातो त्या बाजूला चौकटीत मोकळी जागा सोडावी, म्हणजे बचाव कसा उभा आहे हेही दिसते. तेथील वीज ६० हर्ट्झची असल्याने कॅमेऱ्याचे शटर, म्हणजे प्रत्येक चित्र टिपताना प्रकाश आत येण्याचा वेळ, १/१२० सेकंदावर ठेवल्यास दिव्यांची लुकलुक बहुधा टळते. इंटरनेट वाय-फायऐवजी केबलनेच घ्यावे.

माझ्या मते खरी कसोटी आवाजाची असते, कारण किंचित धूसर चित्र प्रेक्षक चालवून घेतात, पण व्यायामशाळेच्या घुमणाऱ्या गोंगाटात बुडालेले समालोचन कोणी फार वेळ ऐकत नाही. समालोचकांना तोंडाजवळ मायक्रोफोन असलेले हेडसेट द्यावेत, गर्दीसाठी वेगळा मायक्रोफोन लावून त्याची पातळी कमी ठेवावी आणि एका विद्यार्थ्याने हेडफोन लावून, प्रत्यक्ष प्रक्षेपित होणारा आवाज सामना संपेपर्यंत ऐकत राहावे. खेळाडूंच्या नावांचे उच्चार सामन्यापूर्वी दोन्ही प्रशिक्षकांकडून विचारून घ्यावेत. घरी बसून पाहणाऱ्या आजी-आजोबांसाठी नातवाचे नाव नीट उच्चारले जाणे फार मोलाचे असते. गुणफलक सांभाळणाऱ्याकडे दुसरे कोणतेही काम देऊ नये.