जुनी मर्सिडीज रोज चालवायची आहे? मग या चुका टाळा

1995 मध्ये पुण्यात मर्सिडीजची जुळणी सुरू झाली ती डब्ल्यू 124 ने, म्हणजे तेव्हाच्या ई-क्लास सेडानने. रोज चालवायला जुनी आलिशान सेडान कोणती घ्यावी, असं कोणी विचारलं तर मी आजही हीच सांगतो. पण घेणारे पुन्हा पुन्हा त्याच चुका करतात आणि वर गाडीलाच नावं ठेवतात.

पहिली चूक म्हणजे गरम इंजिनावर गाडी पसंत करणं. विकणारा तुम्ही यायच्या आधीच गाडी फिरवून आणतो. मी गेल्या गेल्या बोनेटवर हात ठेवतो. गरम लागलं तर चहा घेऊन परत निघतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी येतो, कारण थंड इंजिनापासून तापमानाची सुई कशी चढते आणि कुठे थांबते ते बघायचं असतं.

हा धडा मला खंबाटकी घाटात मिळाला. माझ्या ई 220 ची (याच गाडीचं पेट्रोल मॉडेल) तापमानाची सुई पुण्यात कधी साठच्या वर जायची नाही. मला वाटायचं, काय थंड इंजिन आहे! मे महिन्यात चौघं साताऱ्याला निघालो, एसी चालू. अर्ध्या चढावर सुई लाल पट्ट्यात गेली आणि बोनेटच्या फटीतून वाफ येऊ लागली. नंतर ऑइलचं झाकण उघडलं तर आतून चहासारखा दुधाळ थर. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग (हेड) आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील, गेलं होतं. खोलल्यावर कळलं, आधीच्या कुणीतरी थर्मोस्टॅटच, म्हणजे इंजिनातल्या पाण्याची वाट ठरवणारा व्हॉल्व्ह, काढून टाकला होता.

हा जुगाड अजूनही सर्रास चालतो, आणि मला त्याचा मनापासून राग येतो. या इंजिनात थर्मोस्टॅट दोन कामं करतो: गरम झालं की रेडिएटरची वाट उघडतो आणि त्याच वेळी बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारी, वाट बंद करतो. तो काढला की बायपास कायमचा उघडा राहतो आणि बरंचसं पाणी रेडिएटरला न शिवता इंजिनात परत जातं. सपाट रस्त्यावर सुई खाली राहते, चढावर तेच पाणी उकळतं. म्हणून सुई 80-90 च्या आसपास स्थिरावते का ते बघा. फार खाली राहणारी सुई मला जास्त घाबरवते. कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) टाकीत नुसतं तांबूस पाणी दिसलं, तर त्या घरात गाडीची निगा कशी राखली गेली ते तिथेच कळतं. हेड ॲल्युमिनियमचं आहे, नळाचं पाणी त्याला आतून खातं.

दुसरी चूक, खाली न वाकणं. दाराखालच्या प्लास्टिकच्या पट्टीत जॅक लावायची झाकणं असतात. चारही काढा, आत बोट घाला. पत्र्याचे पापुद्रे हाताला आले तर रंग कितीही चमकत असो, ती गाडी सोडा. कोकणात राहिलेल्या गाडीत मी हे सगळ्यात आधी बघतो.

पेट्रोलवरची गाडी घेत असाल तर इंजिनावरच्या वायरी हलकेच वाकवून बघा. त्या काळच्या वायरींचं आवरण उष्णतेने भुगा होतं. पंपावर आता ई 20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं, तेव्हा इंधनाचे जुने रबरी पाइपही बदलून घ्या.

कागदपत्रं बघायला कंटाळू नका. 15 वर्षांनंतर दर 5 वर्षांनी फेरनोंदणी लागते, महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. आणि 50 वर्षांपुढची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवलीत, तर ती रोज चालवता येत नाही.

ज्यांना शनिवारी बघून रविवारी गाडी दारात हवी असते, त्यांना मी गाडी बघायला बरोबर येत नाही असं स्पष्ट सांगतो. मी स्वतः एकच गाडी तीनदा बघतो, आणि त्यातली एक खेप भर पावसात. या गाडीला एकाच हाताचा वायपर असतो; तो काच पुसताना मध्येच अडखळला, तर त्याच्या गिअरमधलं ग्रीस सुकलेलं असतं.