रेडिएटर गार पडला तर (इंग्लंडला निघालेल्या नाशिककरांसाठी)

दर डिसेंबरात पंचवटीत माहेरी आले की कुणाचं ना कुणाचं पोर मास्टर्सला निघालेलं असतं आणि आई त्याच्या बॅगेत थर्मल कोंबत असते. निफाडचा पारा 5-6 अंशांवर आला की द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात, ते बघत मीही वाढले. पण इथे सकाळी गच्चीवर उन्हात बसता येतं. तिकडे डिसेंबरात चारच्या सुमारास अंधार पडतो. मग जीव अडकतो तो रेडिएटरमध्ये, म्हणजे खोली तापवणाऱ्या, आत गरम पाणी फिरणाऱ्या भिंतीवरच्या पत्र्यात.

बॉयलर पाणी तापवतो, पंप ते खोल्याखोल्यांतून फिरवतो. वाड्यातला बंब भिंतीवर टांगून त्याला नळ्या जोडल्यात असं समजा. रेडिएटरच्या एका टोकाला आकड्यांची टोपी असते, तो थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह. 3 म्हणजे साधारण 20 अंश. 5 वर ठेवल्याने खोली लवकर तापत नाही, फक्त जास्त तापते. टोपीवर ओला टॉवेल टाकू नका. खोली तापली असं समजून ती पाणी बंद करते आणि तुम्ही कुडकुडत बसता.

बाकीचे गरम आणि एकच गार असेल, तर व्हॉल्व्ह बदलायच्या आधी टोपी काढून बघा. खालची कडी हाताने उलटी फिरवली की ती सुटते, पाणी येत नाही. आत बारीक पिन दिसेल. उन्हाळाभर बंद राहून ती खालीच अडकते. पकडीच्या सपाट बाजूने हलकेच दाबा, सोडल्यावर आपोआप वर यायला हवी. येत नसेल तर थेंबभर सिलिकॉन स्प्रे मारून हळूहळू मोकळी करा. वर उपटू मात्र नका, कारंजं उडेल. यापुढे उन्हाळ्यात टोपी 5 वर ठेवा.

व्हॉल्व्हच गळत असेल आणि घर भाड्याचं असेल, तर पाना खाली ठेवा. इंग्लंडमध्ये 1985 च्या कायद्याने हीटिंगची दुरुस्ती घरमालकाची जबाबदारी आहे. फोटो काढून ईमेल करा. फोनवरच्या 'उद्या बघतो'ला पुरावा नसतो. पहिल्या हिवाळ्यात मी असले बरेच 'उद्या' ऐकले आणि शेवटी स्वतःच पाना लावला. एकच लावला, त्यामुळे पाइप पिळला आणि गंजाचं काळंकुट्ट पाणी मलई रंगाच्या कार्पेटवर. डिपॉझिट गेलं ते वेगळंच.

स्वतःच्या घरात व्हॉल्व्ह बदलणार असाल तर बॉयलर बंद करून गार होऊ द्या (त्याच्या आत हात घालायचा नाही, ते 'गॅस सेफ' या तिथल्या गॅस-कारागिरांच्या अधिकृत यादीत नोंद असलेल्या माणसाचं काम). तळमजल्यावरच्या हीटिंगच्या पाइपला असलेल्या निचऱ्याच्या तोटीला होज लावून पाणी बाहेर सोडा, वरच्या रेडिएटरचे हवेचे स्क्रू उघडा. एका पान्याने व्हॉल्व्ह धरायचा, दुसऱ्याने नट फिरवायचा. रेडिएटरच्या बाजूच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप घड्याळाच्या दिशेने 10-12 वेढे. पाणी भरताना गंजरोधक टाका, हवा काढा, दाब 1 ते 1.5 बार ठेवा. रात्री नटखाली कोरडा टिश्यू ठेवून झोपा. सकाळी ओला दिसला तर नट पाव फेरा आवळा.