जुना वॉकमन घेताय? आवाजाची वाट लावणाऱ्या या चुका टाळा

पहिली चूक घेतानाच होते, मॉडेलचं नाव बघून पैसे मोजले जातात. सोनीचा टीपीएस-एल2 जपानमध्ये 1 जुलै 1979 ला आला, किंमत 33,000 येन, पहिला वॉकमन म्हणून त्याचा मान आहेच. पण त्यात डॉल्बी, म्हणजे कॅसेटची खरखर कमी करणारी सोय, नाही, आणि आतली यंत्रणा मुळात सोनीच्याच छोट्या प्रेसमन रेकॉर्डरवरून घेतलेली. म्हणजे आठवण म्हणून घ्या, आवाजासाठी नको. आवाजासाठी ज्याचं नाव झालं तो 1984 चा डब्ल्यूएम-डी6सी, मोटरचा स्पीड क्वार्ट्झच्या स्फटिकाने एकसारखा धरून ठेवलेला, डॉल्बीचे बी आणि सी दोन्ही प्रकार, शिवाय रेकॉर्डिंग. ते नाव त्याने कमावलंय. तरीपण आज त्याला 40 वर्षं होऊन गेलीत, आणि कपाटात पडून राहिलेल्या डी6सीपेक्षा नवीन बेल्ट (मोटरवरून टेप फिरवणारा रबरी पट्टा) घातलेलं साधं मशीन चांगलं वाजतं हे मी स्वतः ऐकलंय. डब्ल्यूएम-डीडी वाले मॉडेल बघत असाल तर चालू करून कानाला लावा, टिक टिक ऐकू आली तर मधलं प्लास्टिकचं गिअर तडकलेलं असणार.

आता स्पीड. गाणं ओळखीचं आहे पण गायकाचा आवाज जड वाटतोय, सूर हलतोय, की लोक सरळ स्पीडचा स्क्रू फिरवतात. असं करू नका हो! कॅसेट सेकंदाला 4.76 सेंटिमीटर चालायला हवी, आणि बेल्ट सैल झाला किंवा विरघळून डांबरासारखा चिकट झाला तर ती मागे पडते. घरात पेटी असेल तर लावून बघा, काळी एकचं गाणं पांढरी एकला ऐकू येत असेल तर स्पीड साधारण 6 टक्के कमी आहे. आधी बेल्ट बदला, टेप ओढणारा रबरी रोलर पुसा, मग तो स्क्रू. बेल्ट खराब असताना स्पीड वाढवून ठेवलात तर हेलकावे तसेच राहतात आणि नवीन बेल्ट घातल्यावर सगळं पळायला लागतं.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र टेपवरचा आवाज वाचणाऱ्या हेडच्या बाजूच्या स्प्रिंगवाल्या स्क्रूने होतं. त्याला अ‍ॅझिमथचा स्क्रू म्हणतात, हेड टेपला बरोबर काटकोनात आहे की नाही ते त्यावर ठरतं, किंचित जरी तिरकं झालं तर झांजा, तंबोऱ्याची जवारी, "स" आणि "श" सगळं गुदमरतं. माझ्याकडचा एक वॉकमन दुरुस्तीवाल्याने एका कॅसेटवर कान लावून हा स्क्रू फिरवून दिला, ती एक छान वाजायला लागली आणि बाकीच्या सगळ्या बसक्या वाजायला लागल्या, म्हणजे ती एक कॅसेटच तिरक्या हेडवर भरलेली होती आणि मशीन बरोबर होतं! म्हणून एकच कॅसेट बसकी वाजत असेल तर स्क्रूला हात लावू नका. त्या कॅसेटमध्ये पत्र्याच्या पट्टीवरचा छोटा नमद्याचा तुकडा जागेवर आहे का बघा, गोंद सुकून तो पडतो, मग टेप हेडला नीट टेकत नाही. सगळ्याच कॅसेट बसक्या असतील तर आधी हेड साफ करा, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाची काडी, तपकिरी निघायचं थांबेपर्यंत. तरी फरक नाही पडला तरच स्क्रू, तोही पेनाने खूण करून आणि दुकानातून गाणी भरलेल्याच विकत घेतलेल्या तीन-चार वेगवेगळ्या कॅसेट लावून.

बटणांचंही बघा. डॉल्बीशिवाय भरलेल्या कॅसेटला डॉल्बी चालू ठेवलं तर खरखर जाते पण वरचे सूरही जातात. साध्या कॅसेटला मेटल-क्रोम जातीच्या टेपसाठीचं बटण दाबलेलं राहिलं तरी तसंच.

अ‍ॅडॉप्टर लावताना व्होल्टेज आणि प्लस-मायनस दोन्ही बॉडीवरच्या खुणेशी जुळवून घ्या, पिन बसली म्हणजे तो चालतो असं नाही.

आणि आईबाबांची जुनी, एकच प्रत असलेली कॅसेट, एखाद्या मैफलीचं किंवा आजीच्या ओव्यांचं रेकॉर्डिंग, नव्याने घेतलेल्या वॉकमनमध्ये पहिल्याच दिवशी घालू नका, गेली तरी चालेल अशी एखादी कॅसेट दोन्ही बाजूंनी पूर्ण वाजवून घ्या. रोलर चिकट असेल तर मशीन टेप खातं, आणि चुरगळलेली टेप पेन्सिलीने गुंडाळता येते पण ती सुरकुती जिथे पडली तिथला आवाज परत येत नाही.