जुन्या कॉम्प्युटरला ग्राफिक्स कार्ड: माझा अनुभव

मालवणात आमचा होमस्टे आहे. त्याचे व्हिडिओ एडिट करायला घरात इंटेलच्या चौथ्या पिढीच्या आय-५ प्रोसेसरचा जुना ब्रँडेड कॉम्प्युटर. पुतण्याला त्यावर गेमही खेळायचे होते.

म्हणून ग्राफिक्स कार्ड, म्हणजे चित्र-व्हिडिओचं काम सांभाळणारा वेगळा भाग, बसवायचं ठरवलं. ते शोधण्याआधी पॉवर सप्लायवरचा स्टिकर वाचला. २९० वॅट, आणि कार्डासाठी सहा पिनची वेगळी वायरच नाही. म्हणजे मदरबोर्डच्या स्लॉटमधून मिळणाऱ्या ७५ वॅटवर भागेल असंच कार्ड हवं. शेवटी निवड दोन कार्डांत होती: एएमडीचं आरएक्स ६४०० आणि एनव्हिडियाचं जीटीएक्स १६५०. पहिलं ५३ वॅटचं, पण पीसीआय एक्सप्रेसच्या, म्हणजे कार्ड आणि मदरबोर्ड यांना जोडणाऱ्या मार्गाच्या, चारच लेन वापरतं. या मार्गाच्या चौथ्या आवृत्तीच्या बोर्डावर ते ठीक, आमच्या तिसऱ्या आवृत्तीच्या बोर्डावर वेग घटतो. शिवाय त्यात व्हिडिओ एन्कोडर (एडिट केलेला व्हिडिओ भराभर फाइलमध्ये बदलणारा भाग) नाही, आणि आम्हाला तर तोच हवा! म्हणून १६५० घेतलं. त्याच्याही काही मॉडेलना सहा पिनची वायर लागते, तेव्हा फोटो नीट बघूनच घ्या.

बसवताना खरा वेळ गेला तो सफाईत. खाऱ्या हवेनं रॅमच्या पट्ट्या काळवंडल्या होत्या. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून पूर्ण सुकू दिल्या, स्लॉट मऊ ब्रशनं झाडला. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी हे काम अजिबात टाळू नये. आता एडिटिंग अडकत नाही, एक्स्पोर्टही भराभर होतो.