हंटिंग पार्टी हातची निसटते? दाजीपूरच्या रानात या चुका टाळा

कोल्हापूरच्या रंकाळा किंवा कळंबा तलावावर दुर्बीण धरायला शिकलेल्यांची एक सवय घाटातल्या जंगलात आडवी येते. तळ्यावर बदक निवांत बसलेलं असतं. एक पक्षी बघायचा, पुस्तक उघडून ओळखायचा, मग पुढचा. राधानगरी अभयारण्यातल्या दाजीपूरच्या झाडीत हे जमत नाही. अर्धा अर्धा तास पान हलत नाही आणि मग एकाएकी समोरची चार झाडं पक्ष्यांनी भरून जातात. निखार, चष्मेवाले, वटवटे, सुतार, कोतवाल, सगळे खात खात एकाच दिशेने सरकत असतात. वेगवेगळ्या जातींच्या अशा एकत्र चरणाऱ्या थव्याला आपण हंटिंग पार्टी म्हणतो. दहा मिनिटांत रान पुन्हा गप्प होतं, आणि वहीत दोनच नावं असतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे पहिल्या देखण्या पक्ष्याला चिकटून राहणं. निखाराचा शेंदरी नर दिसला की दुर्बीण त्याच्यावरून हलत नाही. माझा एक अख्खा थवा असाच गेला. शेजारी उभ्या मैत्रिणीने तेवढ्याच वेळात अकरा जाती टिपल्या होत्या, कारण पहिलं मिनिटभर तिने दुर्बीण डोळ्याला लावलीच नाही. थवा कुठून कुठे चाललाय, किती पसरलाय, हे तिने नुसत्या डोळ्यांनी बघून घेतलं. तेव्हापासून मीही तसंच करतो. आधी थवा, मग पक्षी.

दिशा कळली की मागे धावू नका. मागून जाणाऱ्याला शेपट्याच दिसतात, आणि पाचोळ्याच्या आवाजाने पक्षी आणखी वर सरकतात. वाटेवरूनच पुढे जा, वळणावर किंवा ओढ्याच्या काठी थांबा आणि थवा अंगावरून जाऊ द्या.

थव्याला मजले असतात, हेही बरेच जण विसरतात. सगळ्यांच्या माना वर, आणि खाली कारवीत फुलवेटांची कुजबुज चाललेली. तपकिरी अंग, राखाडी डोकं, खूण म्हणावी अशी काहीच नाही, म्हणून या पक्ष्याकडे कुणी बघत नाही. पण आपल्या घाटात थवा बांधून ठेवणाऱ्या पक्ष्यांत त्याची गणना होते. फुलवेटा सतत बोलत राहतात, त्या आवाजाच्या धाग्याने बाकीचे सोबत राहतात. मधल्या फांद्यांवर निळा मोनार्क माशा टिपतो. नटहॅच खोडावरून डोकं खाली करून उतरते. अंजनी-जांभळाच्या शेंड्याला निखार असतात. एवढे डोळे एकत्र असले की शिक्रा हा शिकारी पक्षी लवकर दिसतो, आणि एकाने उडवलेला किडा दुसऱ्याला मिळतो.

त्या उडवलेल्या किड्यांवर टपलेला असतो पल्लवपुच्छ कोतवाल. त्याच्यामुळे यादीत चुका शिरतात. तो दुसऱ्या पक्ष्यांचे आवाज हुबेहूब काढतो, शिक्र्याचासुद्धा. श्रीलंकेच्या सिंहराजा जंगलातल्या अभ्यासात असं दिसलं की त्याच्या नकलांनी थव्यातले इतर पक्षी त्याच्याकडे ओढले जातात. म्हणून आसपास कोतवाल असेल तर नुसत्या आवाजावरून नाव लिहू नका. पक्षी दिसू द्या. मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणं मात्र पूर्ण बंद करा. चरणाऱ्या पक्ष्याचा वेळ आपण फुकट घालवतो, आणि विणीच्या दिवसांत तर तो घरटं सोडून भांडायला येतो.

थवाच लागत नसेल तर आधी महिना बघा. हिवाळा उत्तम. तेव्हा हिमालयातून उतरलेले वटवटेही थव्यात मिसळतात. उन्हाळ्याकडे जोड्या वेगळ्या होऊन घरट्यांना लागतात, थवे विरळ होतात. पावसाळ्यात अभयारण्य बंदच असतं. मग वेळ बघा. दाट धुकं असेल तर चालत सुटू नका, ते विरळ होऊन कोवळं ऊन पानांवर येईपर्यंत एका जागी बसा. ऊन आलं की किडे हलतात आणि त्यांच्यामागे पक्षी. शेंडा एकट्याने जोरात हलत असेल तर बहुतेक शेकरू असतं.

दुर्बिणीवर वाफ धरते ही तक्रार दर वेळी कानावर येते. कोल्हापूरहून सुमारे ८० किलोमीटर एसीत येऊन थंडगार झालेली काच दमट हवेत काढली की तिच्यावर पाणी जमतं. राधानगरी सोडल्यावर एसी बंद करा, काचा खाली घ्या, दुर्बीण पिशवीबाहेर ठेवा. शर्टाने पुसू नका, धुळीचे ओरखडे कायमचे राहतात. ढगाळ आभाळासमोर फोटोत पक्षी काळा येत असेल तर एक्स्पोजर एक स्टॉप वाढवा.

आणि वर बघत मागे सरकू नका. हे गव्यांचं रान आहे. सोबत स्थानिक गाईड घ्या, एकाची नजर कायम वाटेवर असू द्या.

नोंद करताना वेळ, जागा, दिशा आणि प्रत्येक जातीचे एकाच वेळी दिसलेले जास्तीत जास्त पक्षी लिहा. तोच चष्मेवाला दोन फांद्यांवर दिसला तर तो एकच धरायचा.

थवा पुढे गेला की लगेच गाडीकडे वळू नका, अजून पाच मिनिटं थांबा. गेल्या जानेवारीत आम्ही वह्या मिटत होतो, सगळं शांत झालं होतं, आणि थव्याच्या पार मागून एक स्वर्गीय नर्तक ओढ्यावरच्या वेलीवर येऊन बसला. पांढरी लांब शेपटी दोनदा झुलवली, एक पतंग टिपला आणि बाकीच्यांच्या मागोमाग निघून गेला.