पॅलेटायझिंग रोबो घेताय? आधी ग्रिपरचं वजन धरा

पॅलेटवर माल रचणारा रोबो निवडताना बरेच जण फक्त बॉक्सचं वजन बघतात आणि तिथंच फसतात, कारण कॅटलॉगमधला पेलोड (रोबो उचलू शकतो ते वजन) म्हणजे माल अधिक ग्रिपर (माल पकडणारा पंजा), दोन्ही मिळून. २५ किलोच्या दोन गोण्या एकदम उचलायच्यात आणि ग्रिपर ४० किलोचा आहे, तर ९० किलो तिथंच झाले, मग १००चा रोबो काठावर पळवण्यापेक्षा एक साइज वरचा घ्या. रीच, म्हणजे रोबोचा हात कुठवर पोचतो ते, मोजताना सगळ्यात वरच्या थराच्या लांबच्या कोपऱ्यापर्यंत मोजा, खालच्या थराला हात पोचतो म्हणून खूश होऊ नका. नुसतं सरळ रचायचं असेल तर ४ ॲक्सिसचा (चार सांध्यांतून हलणारा) रोबो पुरतो, बॉक्स तिरका किंवा उभा करायचा असेल तर ६. कोबॉट (माणसांच्या शेजारी काम करणारा रोबो) जागा कमी घेतो पण स्पीड बेताचाच.

ग्रिपरचं मात्र खरंच मनावर घ्या. व्हॅक्यूम सपाट बंद खोक्यांना मस्त, पण विणलेल्या गोणीतून हवा गळते, तिथे खालून बोटं घालून उचलणारा ग्रिपर बरा. आणि ऑर्डर देण्याआधी तुमचाच माल, धूळ बसलेला, टेप सुटलेला खोका सुद्धा, व्हेंडरकडे पाठवून ट्रायल घ्याच, नव्याकोऱ्या खोक्यांवरचा डेमो बघून सही करू नका.