घरगुती मसाला उद्योग आणि वीजदराचा प्रश्न

लातूरला आमच्या राहत्या घराच्या मागच्या खोलीत पत्नी येसर आणि काळा मसाला करून विकते. पाहणीस आलेल्या कर्मचाऱ्याने कांडप यंत्र पाहून घरगुती जोडणीला व्यापारी दर लावला आणि बिल एकदम चढले. राज्य वीज नियामक आयोगाच्या दरआदेशात मात्र अशी तरतूद आहे की, घराच्या काही भागात व्यवसाय चालत असला तरी मासिक वापर 300 युनिटपर्यंत आणि आधीच्या वर्षाचा वापर 3,600 युनिटपर्यंत असेल, तर निवासी दरच लागू होतो. वर्षभराच्या बिलांची बेरीज मांडून आणि त्या तरतुदीची प्रत जोडून मी लेखी अर्ज दिला व दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घेतला. ही पोच फार महत्त्वाची, कारण तोंडी सांगण्याची दखल घेतली जात नाही. दर पूर्ववत झाला आणि फरकाची रक्कम पुढील बिलात वळती झाली.

शेजारच्या काकूंची आवाजाची तक्रार मात्र रास्त होती, कारण निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे. यंत्राखाली जाड रबर घातले, मिरचीचा खकाणा त्यांच्या अंगणात जाऊ नये म्हणून त्या बाजूची खिडकी बंद केली आणि कांडप दुपारपुरतेच ठेवले. अन्नसुरक्षा नोंदणीचा 14 अंकी क्रमांकही आता प्रत्येक पाकिटावर छापलेला असतो.